भोयर सरांचे चौदा दिवस

मंगळवारी अकरा वाजता भोयर सरांनी इंजेक्शन घेतलं. बुधवारी रिपोर्ट आला. मंगळवारपासून चौदा दिवस सर नातीजवळ गेले नाहीत.

नात साडेतीन वर्षांची, नाव जुई. घर एकच, जेवण एकाच स्वयंपाकघरातलं, आणि तरी सरांनी बैठकीच्या फरशीवर खडूने एक रेघ मारली होती. रेघेच्या अलीकडे, रस्त्याच्या बाजूला, सरांची खाट. पलीकडे जुईचं राज्य. टेप लावून अंतर मोजलेलं होतं, खाटेच्या कडेपासून बरोबर दोन मीटर. कुणी कारण विचारलं की सर शर्टावरून छातीवर हात ठेवत आणि म्हणत, "आतमध्ये किरण हायेत. पोट्टीले लागतीन."

हे वाक्य तेहतीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या माणसाचं होतं. पहिल्या दिवशी ते खरं होतं. दुसऱ्या दिवसापासून ते खोटं होतं, आणि खोटं आहे हे सरांना माहीत होतं, मला माहीत होतं. मी बरेच दिवस बोललो नाही. मला वाटलं, माणूस घाबरलाय. घाबरलेल्या माणसाला गणित दाखवू नये.

सर आणि मी लकडगंजजवळच्या एकाच शाळेत होतो. ते विज्ञानाचे शिक्षक, मी ग्रंथपाल. घरंही एकाच गल्लीत, मध्ये दोन घरं सोडून. सर माणसांना नावाने हाक मारत नसत, जागेने मारत. मुख्य लिपिक म्हणजे 'ऑफिस', व्यायामाचे शिक्षक म्हणजे 'मैदान', आणि मी 'लायब्ररी'. "काय गा लायब्ररी, आज काय वाचून राहिला?" असं म्हणत ते मधल्या सुट्टीत ग्रंथालयात येत आणि एकही पुस्तक न घेता जात. त्यांचं गाव सावनेरकडचं, शेतीचं घर. वर्गात ते पुस्तकातली मराठी बोलत. 'द्रावणाचा रंग निळा होतो' वगैरे. घंटा वाजली की तोच माणूस दारातून बाहेर येताना म्हणे, "चाल गा, चहा मारू." मुलं या बदलाची वाट पाहत असत. घंटेने सरांची भाषा बदलते हे आमच्या शाळेतलं सर्वांत जुनं सिद्ध झालेलं तत्त्व होतं.

त्यांचा ठरलेला प्रश्न एकच: "नोंद हाय का?" मुख्याध्यापक एकदा सभेत म्हणाले, अलीकडची मुलं पूर्वीसारखी राहिली नाहीत. सर मागून उठले. "नोंद आहे का, सर? पूर्वीची?" एका लग्नात कुणी म्हणालं, मुलामुलीचे छत्तीस गुण जुळले, सरांनी मोजणाऱ्याचं नाव विचारलं. मी सहज बोलून गेलो की यंदा ऊन जास्त आहे, तर संध्याकाळी ते मागच्या पाच उन्हाळ्यांच्या वह्या घेऊन आले आणि यंदा ऊन जास्त नाही हे माझ्याकडून कबूल करून घेतलं. घामाने आम्ही दोघंही निथळत होतो.

त्या वह्या म्हणजे शाळेतल्या प्रयोगवह्या. एक पान आखलेलं, एक कोरं. सर आयुष्यातली कुठलीही गोष्ट त्याच पाच मथळ्यांखाली लिहीत: उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. कूलरला लाकडाचा भुसा चांगला की वाळा, यावर त्यांनी तीन दिवस प्रयोग केला. पहिल्या दिवशी भुसा, दुसऱ्या दिवशी वाळा, तिसऱ्या दिवशी तुलनेसाठी काहीच नाही. वहिनी अजून सांगतात, "तिसऱ्या दिवशी मले त्या खोलीत बसवलं, भर मे महिन्यात. अन् लिवलं काय? बाईची चिडचिड वाढली."

याच वहीने त्यांचा घात केला, असं म्हणायला जागा आहे.

सप्टेंबरअखेर एका दुपारी त्यांच्या छातीत दुखायला लागलं. वहिनी जुईला घेऊन शेजारी गेल्या होत्या, मुलगा नितीन आणि सून रश्मी आपापल्या नोकरीवर. सरांनी वही काढली. ते पान मी नंतर पाहिलं. उद्देश: वेदना पित्ताची की कसे, हे ठरविणे. साहित्य: खाण्याचा सोडा, पाणी, घड्याळ. निरीक्षण: बारा दहाला सुरू. साडेबाराला सोडा घेतला. एकला डावा खांदा. दीडला घाम, पंखा पाचवर असूनही. सव्वादोनला जबडा. अक्षर शेवटपर्यंत सुवाच्य आहे. वहिनी तीनला घरी आल्या तेव्हा ते भिंतीला टेकून बसले होते आणि म्हणाले, "पित्त नाही वं हे. निष्कर्ष निघाला."

ते वाचले. पण तीन तास गेले होते, आणि डॉक्टरांनी ते तोंडावर सांगितलं. रक्त न पोचलेला हृदयाचा स्नायू तासागणिक मरतो. हृदयाला रक्त नेणाऱ्या नळ्याही तिन्ही खराब निघाल्या. बायपास करावं लागेल. पण त्याआधी दीड महिना थांबून एक तपासणी करायची होती. हातातून किरणोत्सारी औषध द्यायचं. ते रक्ताबरोबर हृदयात जातं. जो स्नायू जिवंत तो औषध शोषतो आणि कॅमेऱ्याला उजळ दिसतो. जो मेला तो काही घेत नाही, तिथे काळं. काळं थोडं असेल तर ऑपरेशनने माणूस सुधारतो. काळं फार असेल तर तिथवर रक्त पोचवून उपयोग नाही. सगळं त्या चित्रावर होतं.

नितीनला सुट्टी मिळेना, म्हणून मंगळवारी सरांबरोबर मी गेलो.

आदल्या दिवसापासून चहा-कॉफी बंद होती. वहिनींनी चहाचा डबा आमच्या घरी आणून ठेवला होता, नवऱ्यावर त्यांचा तेवढाच विश्वास. तिथल्या तंत्रज्ञ मुलीने विचारलं, "आजोबा, कालपासून चहा नाही ना घेतला?"

"अठ्ठावीस तास झाले. नोंद आहे," सर म्हणाले. त्यांची भाषा पुस्तकी झाली होती. पांढरा कोट दिसला की त्यांना वर्गात असल्यासारखं वाटे. त्यांनी वही उघडून दाखवली. त्यात हेही होतं की नातीने देऊ केलेलं अर्धं चॉकलेट नाकारण्यात आलं.

मुलगी हसली. म्हणाली, इतकं लिहून आणणारा पेशंट तिने पाहिला नव्हता. सरांनी लगेच विचारलं, "अर्धायुकाल सहा तास ना?" तिने हो म्हटलं आणि मग त्या दोघांचं असं काही जमलं की मागचा पेशंट खोकायला लागला.

इंजेक्शन दिल्यावर ती म्हणाली, "आता काहीतरी तेलकट खाऊन घ्या. हे औषध यकृतातही साठतं. तेलकट खाल्लं की तिथून लवकर उतरतं, चित्र स्वच्छ येतं."

सर तिच्याकडे बघतच राहिले. दीड महिना या माणसाने बिनफोडणीचं वरण खाल्लं होतं. "ताई," ते म्हणाले, "हे लिहून द्याल का?"

तिने खरंच चिठ्ठी लिहून दिली. मी समोरून दोन आलूबोंडे आणले, वर तर्री घालून. सर बाकाच्या एका टोकाला, मला त्यांनी दुसऱ्या टोकाला बसवलं. "अंतर ठेव गा. दुप्पट अंतर, किरणांचा पाव मार." मग ते खायला लागले. मी पुष्कळ देवळांत पुष्कळ माणसं प्रसाद खाताना पाहिली आहेत. इतक्या एकाग्रतेने खाणारं कुणी आठवत नाही. तर्रीने डोळ्यांत पाणी आलं तेव्हा म्हणाले, "विज्ञानासाठी करून राहिलो, लायब्ररी. वहिनीले सांगू नको." आणि बोटं पुसत हिशेब सांगितला: संध्याकाळी पाचला अर्धं उरेल, उद्या याच वेळेला सोळावा हिस्सा, परवा दोनशे छप्पन्नावा. "रविवारपर्यंत धरायसारखं काही नाही राहत."

निघताना त्या मुलीने बजावलं, "आजचा दिवस लहान मुलांना जवळ घेऊ नका. उद्यापासून चालेल."

हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

बुधवारी सर एकटे ऑटोने गेले, रिपोर्ट घेतला, डॉक्टरांना दाखवला आणि घरी येऊन म्हणाले, "ऑपरेशन लागत नाही. गोळ्या चालू ठेवाच्या." नितीनने रिपोर्ट मागितला. सर म्हणाले, "तुले त्यातलं काय समजते? तू इंजिनिअर ना?" घरात आनंद झाला. वहिनींनी संत्र्याची बर्फी आणली आणि गल्लीत वाटली. मलाही दोन तुकडे मिळाले. मी ते खाल्ले.

रेघ मात्र पुसली गेली नाही. सर म्हणाले, माझ्या वजनाच्या माणसात हे औषध जास्त दिवस राहतं. नितीनने फोनवर शोधून दाखवलं की तसं काही नसतं. सरांनी फोनकडे बघून विचारलं, "हे लिवणाऱ्यानं माझं वजन केलं का?"

गल्लीत चर्चा सुरू झाली. शेजारच्या सुनेला सातवा महिना होता. तिच्या सासूने वाळवणाची बाज उचलून लांब नेली. कोपऱ्यावरचा चहावाला रोज विचारी, "सर, अंधारात दिसता का तुम्ही? माहा मोबाइल चार्ज होईन का?" सर त्याला गंभीरपणे सांगत, "चार्जर घेऊन ये."

जुईला रेघ कळली होती, कारण कळलं नव्हतं. ती रेघेला पायाची बोटं लावून उभी राहायची. सकाळी उठल्याबरोबर विचारायची, "आबा, तुझे किरण गेले का?"

"नाही वं माय. अजून हायेत."

"किती हायेत?"

"थोडे हायेत."

"मग मी थोडीशी येऊ का?"

 सर वर्तमानपत्र उघडत.

खरी अडचण दुपारी दोनला होती. जुई जन्मल्यापासून दुपारची झोपायची ती आबांच्या छातीवर. पाळण्यात नाही, आजीच्या मांडीवर नाही. पालथी पडून कान छातीच्या डाव्या बाजूला लावायची आणि म्हणायची, "घोडा पळून राहिला." आजारपणानंतर पंधरा दिवसांनी तिला पुन्हा छातीवर घेतली तेव्हा बराच वेळ ऐकून ती म्हणाली होती, "आबा, घोडा हळू चालते आता." डॉक्टरांच्या यंत्रांनी जे सांगितलं ते साधारण हेच होतं. आता रेघ आल्यापासून वहिनी तिला मधल्या खोलीत घेऊन पडत, थोपटत, आणि ती रडत असे. माझ्या घरापर्यंत ऐकू येई.

नवव्या दिवशी मी दोनच्या सुमारास गेलो. आत जुई रडत होती. सर खाटेवर ताठ बसले होते, हातात घड्याळ. मला वाटलं नाडी मोजताहेत, म्हणून मी दारातच थांबलो. रडणं हळूहळू हुंदक्यांवर आलं, मग थांबलं. सरांनी घड्याळ पाहिलं, उशीखालची वही काढली आणि काहीतरी लिहिलं.

"सतरा मिनिटं," ते म्हणाले. "काल एकवीस होते."

 त्यांनी वही माझ्यासमोर धरली, एखादा विद्यार्थी गणित तपासायला देतो तशी. उद्देश: जुईची दुपारी छातीवर झोपण्याची सवय मोडणे. साहित्य: खडू, टेप, घड्याळ. कृती: अंतर ठेवणे. खाली तक्ता, दिवस आणि मिनिटं. पहिल्या दिवशी बावन्न. निष्कर्षाची जागा कोरी होती.

"बराबर येऊन राहिलं ना?" सर म्हणाले. "पाचेक दिवसांत अर्ध होते. पाह्य, आलेख काढतो मी."

"सर, हे काय आहे?"

त्यांनी वहीच्या मागच्या पानांतून घडी केलेला रिपोर्ट काढला. त्यावर हृदयाचे काप होते, रंगीत कड्यांसारखे, ओळीने छापलेले. "मेदूवडा खाल्ला ना तू? तसा दिसते चांगला असला तर. आता हा पाह्य. याले कोणी तोंड मारलं." प्रत्येक कड्याचा मोठा तुकडा नव्हताच. काळं होतं. "माहे तीन तास हायेत हे. सोडा पिऊन राहिलो होतो ना मी, ते."

"पण तुम्ही म्हणालात, ऑपरेशन लागत नाही."

"नाहीच लागत. करून काही उपयोग नाही, त्याच्यानं नाही लागत. मी खोटं नाही बोललो." मग म्हणाले, "किरणांचं तेवढं बोललो."

"डॉक्टर किती म्हणतात?"

"सांगत नाहीत. काळजी घ्या म्हणतात. त्यांच्यापाशी नोंद नाही माही."

आत वहिनी उठल्याची चाहूल लागली. सरांनी आवाज खाली आणला. "ऐक गा. मी जाईन कोण्या दिवशी. त्या दिवशी दोन वाजता हे पोट्टी कुठे झोपन? एका झटक्यात तुटन तिचं. त्याच्यापेक्षा आत्तापासूनच कमी करत न्यायचं. आज अर्धं, मग पाव. मी जाईन तवा तिच्यात धरायसारखं काही उरलं नसन."

मी आयुष्यात वाद घातलेला माणूस नाही. ग्रंथालयात आवाज चढवायचा नसतो, ती सवय घरीही राहिली. पण त्या दिवशी मी बोललो. जी गोष्ट मी बहुधा कुणालाच सांगितलेली नव्हती ती सांगितली.

मी चार वर्षांचा असताना माझे वडील गेले. आम्ही तेव्हा रामटेकला राहत होतो. क्षय होता. मला लागू नये म्हणून वर्षभर मला त्यांच्या खोलीत जाऊ दिलं नाही. ते गेले त्या दिवशी मी अंगणात गोट्या खेळत होतो. बायका म्हणत होत्या, बरं झालं, पोराला काही कळलं नाही. आणि खरंच नाही कळलं. मी रडलो नाही. मला त्यांचा आवाज आठवत नाही, हात आठवत नाहीत. एक फोटो आहे, त्यातला माणूस मी दुकानात पाहिलेल्या कुठल्याही माणसासारखा आहे.

सर ऐकत होते. मग सवयीने म्हणाले, "नोंद हाय का याची?"

"नाही. माझ्यापाशी त्यांचं काहीच नाही, सर."

"रडला नाही तू. मग त्रास तर वाचला ना तुहा?"

"मी आता त्रेसष्टचा आहे. कुणी आपल्या वडिलांबद्दल बोलायला लागलं की मी उठून पुस्तक शोधायला जातो."

सरांनी रिपोर्टची घडी घातली. बराच वेळ घडीवरून अंगठा फिरवत बसले. मग म्हणाले, "चहा घेतो का?" मी नको म्हटलं आणि घरी आलो. वाटलं, उगाच बोललो.

रेघ तशीच राहिली. दहाव्या दिवशी, अकराव्या दिवशीही. बाराव्या दिवशी मला माझ्या घरी काही ऐकू आलं नाही. संध्याकाळी वहिनी फाटकाशी भेटल्या, खुशीत होत्या. "आज पोट्टी रडलीच नाही, भाऊ. बाहुली घेतली अन् आपली झोपली गुपचूप. शिकली बापा एकदाची."

मी आत गेलो. सर खाटेवर पडले होते, भिंतीकडे तोंड करून. वही उघडी होती. बाराव्या दिवसासमोर त्यांनी शून्य काढलं होतं, दोनदा गिरवलेलं.

"शून्य आलं," ते वळून न बघता म्हणाले.

"तुम्हाला तेच हवं होतं ना?"

"नाही गा. शून्य नाही येत. तेहतीस वर्षं शिकवलं मी. अर्ध्याचं अर्धं, त्याचं अर्धं, करत जा किती बी. काही तरी राहतेच. म्हणूनच धरलं होतं ना मी, का काही तरी राहीन." ते उठून बसले. चेहरा उतरला होता. "एवढी लवकर कशी भुलली गा ते?"

  त्या रात्री ते जेवले नाहीत, असं वहिनींनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. तेराव्या दिवशीही जुई रडली नाही.

चौदाव्या दिवशी सरांनी ओल्या फडक्याने रेघ पुसली. स्वतः, खाली बसून. दम लागत होता तरी. वहिनी ओरडल्या, सर म्हणाले, "किरण गेले." आणि फरशीवर मांडी घालून दोन्ही हात पुढे केले.

जुई आली नाही.

ती दारात उभी राहिली, बाहुलीचा पाय धरून, आणि त्यांच्याकडे बघत राहिली. मग सरांच्या खिशातून पडलेला खडू तिने उचलला, वाकून फरशीवर एक रेघ मारली, चांगलीच वाकडी, आणि म्हणाली, "तू तिकडे बस."

"काहून वं?"

"माह्यात किरण हायेत आता."

वहिनी हसायला लागल्या. सर हसले नाहीत. ते उठले आणि रेघेच्या पलीकडे जाऊन बसले. पुढचे दोन दिवस तिने त्यांना तिकडे बसवलं आणि ते बसले. सकाळी तिच्या आधी उठून रेघेशी येत आणि विचारत, "जुई, तुहे किरण गेले का?" ती विचार करून सांगे, "नाही. थोडे हायेत." मी त्या दोन दिवसांत दोनदा गेलो. एकदा सरांनी मला खूण करून गप्प केलं. ती रेघेच्या पलीकडे चित्र काढत होती आणि बोलता बोलता तिचा एक पाय रेघेवर आला होता. त्या पायाकडे ते असे बघत होते की मी परत फिरलो.

तिसऱ्या दुपारी दोन वाजता ती उशी घेऊन आली, त्यांच्या छातीवर पालथी पडली, कान लावला आणि झोपली. सरांनी त्या दिवशी काही लिहिलं नाही.

त्यानंतर सहा महिने मिळाले. नितीनला आणि वहिनींना सरांनी रिपोर्टचं सांगितलं नाही आणि मलाही सांगू दिलं नाही. रोज दोन ते चार ते कुणालाही भेटत नसत. मे महिन्यात एका सकाळी कूलरमध्ये पाणी भरून ते खुर्चीत बसले, आणि गेले. जुई तेव्हा आत दूध पीत होती.

तेराव्यानंतर वहिनींनी मला विचारलं, "ते चौदा दिवस कायले घालवले, भाऊ, यांनी? तुम्हाले माहीत होतं ना?"

मी सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या, हातातले तांदूळ निवडत. शेवटी म्हणाल्या, "मले सांगतलं असतं तर पहिल्याच दिवशी पुसून टाकली असती मी ते रेघ." आणि थोड्या वेळाने, "चौदा अन् ते दोन. सोळा दुपारी गेल्या माह्या पोट्टीच्या."

सर जे म्हणाले होते तेच झालं. एका झटक्यात तुटलं. पहिले काही दिवस जुई दोन वाजता बैठकीत येऊन खाटेवर चढायची आणि वाट बघायची. मग रडायची. तास तास. रश्मीने रजा घेतली, कुणाकुणाला दाखवलं. मी रोज दुपारी जातो. गोष्टी वाचून दाखवतो, ती ऐकते. एकदा तिने माझ्या छातीला कान लावून पाहिला आणि म्हणाली, "हा नाही." नितीन मागच्या आठवड्यात मला म्हणाला, "काका, आठ महिने झाले. अजून भुलत नाही ती." मला त्याला सांगावंसं वाटलं की यात माझा हात आहे. सरांचा प्रयोग बाराव्या दिवशी पुरा झाला होता. तो मोडावा म्हणून बोलणारा मी होतो. हे बरोबर केलं की नाही, याची नोंद कुणाकडे नाही.

जुई आता पावणेपाच वर्षांची आहे. दुपारी ती रडते. तिला आबा आठवतात.